ताई, तुम्ही तो जोक पण लिहून दिलात

ताई, नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून नाही लिहीत, तशी सुदामा नगरातल्या निम्म्या लोकांना कळेलच कोण ते.

हे खरं तर दिवाळीच्या आधीच लिहायचं होतं, पण छोटूची शाळा, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, राहूनच गेलं. आज कपाट आवरताना ती वही हाताला लागली, शंभर पानी, कव्हरवर वरणाचा डाग, आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या मुलाला, छोटूला, ऑटिझम आहे, आणि आम्ही दोघं बहिरे. मी सात वर्षांची असताना तापात माझं ऐकणं गेलं, तोवर मराठी बोलत होते म्हणून लिहिता येतं. आमचे हे जन्मापासून बहिरे. घरात सगळं बोलणं हातांनी. छोटूला ऐकू येतं हे कळलं, तेव्हा तर पेढे वाटले होते. पण बहिऱ्या घरात बघणं म्हणजेच ऐकणं असतं, आणि तो बघत नाही हे मला त्याच्या दहाव्या महिन्यातच कळलं होतं, हाताकडेही नाही, तोंडाकडेही नाही. हे मी कागदावर लिहून एका मोठ्या डॉक्टरांना दिलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता नणंदेला सांगितलं, आईबापच बोलत नाहीत तर मूल कुठून बोलणार, बोलत्या माणसांत ठेवा. झालं, दीड वर्ष गेलं त्यात. दुसरीकडे फॉर्म दिला, त्यात प्रश्न, नावाने हाक मारली की बघतो का? अहो आम्ही हाक कुठे मारतो, आम्ही खांद्यावर थापटतो, पाय आपटतो, लाइट चालू-बंद करतो! तिसरीकडे सांगितलं घरात हातवारे बंद करा नाहीतर तो कधीच बोलणार नाही. म्हणजे आईने मुलाशी बोलायचंच नाही.

आपल्या माणसांनी तरी काय केलं. आमच्या बहिऱ्यांच्या ग्रुपमध्ये म्हणायचे, ऐकू येतं ना त्याला, मग रडतेस कशाला. आणि समोरचा बोलत असताना नजर फिरवणं म्हणजे आमच्यात तोंडावर दार लावणं, म्हणून छोटू सगळ्यांना उर्मट वाटायचा. हळूहळू आम्ही जाणंच सोडलं.

लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली मूकबधिर गीता २०१५ मध्ये परत आली, तिला आमच्या इंदूरलाच ठेवलं होतं, तेव्हा सगळ्यांना मूकबधिरांचं केवढं कौतुक आलं होतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात आमचं बहिरेपण पण आहे आणि छोटूचा ऑटिझम पण. पण दोन्ही एकाच घरात असू शकतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मग तुमच्याकडची ती छोटूसारख्या मुलांच्या पालकांची रविवारची मीटिंग. बारा-तेरा माणसं, पोहे, वर शेव, आणि मी सवयीने कोपऱ्यात. एकाचे ओठ वाचेपर्यंत दुसराच बोलायला लागतो. तेवढ्यात सगळे खो खो हसले. अशा वेळी मी कुणालाही काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नाही, नंतर सांगते. माझ्या स्वतःच्या लग्नातला एक जोक अजून नंतरच आहे. पण तुम्ही हातातली प्लेट खाली ठेवली, पिशवीतून वही काढली आणि लिहिलंत, 'थेरपिस्टने यांच्या मुलाला सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं हे काय आहे, तो म्हणाला कागद.' मी वाचून एकटीच जोरात हसले, तर सगळे परत हसले. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली लिहिलंत, 'आता तू हसलीस म्हणून हसतायत.'

कामाचं काय ते लोक लिहून देतात हो ताई, औषध, तारीख, फी. जोक कुणी लिहून देत नाही. त्याच मीटिंगमध्ये कळलं की खुणांनी बोलणं अडत नाही, उलट हात सापडला की रडणं कमी होतं. आज छोटू 'पाणी' आणि 'बस' हाताने सांगतो, आणि 'नाही' तर फारच जोरात.

आणि मग तुम्ही घरी आलात. तो एक दिवसाआड सकाळी का किंचाळतो ते आम्हाला कळतच नव्हतं, सासूबाईंची दृष्टसुद्धा काढून झाली होती. तुम्ही सकाळी सहापासून दुपारपर्यंत आमच्या घरात बसून फक्त आवाज लिहिलेत. कुकर. मिक्सर. बाथरूमचा नळ टपटप. ट्यूबलाइटची चिरचिर, पुढे 'ही मलाही आत्ताच ऐकू आली'. आणि सहा वाजून दहा मिनिटांनी, दोनदा अधोरेखित, 'मोटर!!' नर्मदेचं पाणी यायचा दिवस, बोळातल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू, आणि छोटूची कॉट नेमकी त्याच खिडकीखाली. आम्ही दोघं तिथे उभे राहून त्याला थोपटत होतो, आणि खिडकी बंद करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी कॉट आतल्या खोलीत नेली.

कचरागाडी येते तीही आम्हाला कळायची नाही, कचरा दोन-दोन दिवस घरातच. आता छोटू कानावर हात ठेवून कपाटामागे पळाला की हे बादली घेऊन खाली धावतात.

यांनी तुम्हाला साइन नेम, म्हणजे हाताच्या खुणेचं नाव दिलंय, तळहातावर बोटाने लिहायचं. आमच्या ग्रुपमध्ये आता सगळे तुम्हाला असंच म्हणतात. (हो, परत जातो आम्ही. छोटूला पण नेतो.)

वहीच्या शेवटच्या पानावरचं मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं, आज वाचलं. 'छोटू खेळताना गुणगुणतो. चाल कचरागाडीच्या गाण्याची आहे.' ज्या गाण्याला घाबरून कपाटामागे पळतो तेच! यांना दाखवलं तर विश्वासच बसेना, जाऊन त्याच्या पाठीला हात लावून बसले. तो गाड्यांची रांग लावत होता, त्याने हात झटकला नाही.

रविवारी येतो तिघं. वही आणते, चार पानं कोरी आहेत.