उंची शेवटी मोजावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पावसाळी ऑफ-रोडिंगसाठी तयार केलेल्या गाड्यांवरचा सचित्र लेख वाचला. जुन्या थारचे पुढचे स्वतंत्र सस्पेन्शन काढून तिथे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) बसवण्याच्या कामाची मराठी वृत्तपत्राने इतकी सविस्तर दखल घ्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण हेच काम मी माझ्या गाडीवर करून घेतले आहे आणि ते नीट लागेपर्यंत दीड वर्ष घालवले आहे. मात्र लेखातल्या दोन विधानांमुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. पुढच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी, लावले की कमी खर्चात उंची मिळते, असे त्यात एका ठिकाणी म्हटले आहे. आणि स्टिअरिंग थरथरू लागले तर स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा लहान शॉकअप) बसवावा, असा सल्ला दुसऱ्या ठिकाणी दिला आहे. सोबतच्या चौकटीत गाडीची उंची दिली आहे, पण कॅस्टर (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे कल) किती, चाक वर किती जाते आणि खाली किती उतरते, यांपैकी एकही आकडा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सॉलिड एक्सल बसवलेल्या गाडीची उंची सर्वांत शेवटी मोजावी, कारण बाकीची मापे जुळली की ती जेवढी येईल तेवढीच त्या गाडीची योग्य उंची असते.

२०१० साली आलेल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यावर) चालणारे स्वतंत्र सस्पेन्शन होते आणि मागे पाटे होते. रस्त्यावर ते चांगले चालते. पण ओढ्यातल्या धोंड्यांवर एक चाक चढले की दुसरे चाक हवेत लोंबकळते. सॉलिड एक्सलमध्ये दोन्ही चाके एकाच दांड्याला बांधलेली असल्यामुळे एक चाक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि जमिनीची पकड टिकते. जुन्या एमएम ५४० सारख्या जीपगाड्यांना किंवा जिप्सीला हे मुळातच लाभलेले होते. या लाभाची किंमत अशी, की एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकाला आणि स्टिअरिंगलाही पोचतो, आणि स्प्रिंगच्या खाली लटकणारे वजन बरेच वाढते. म्हणून अशा गाडीत कोनांची चूक खपत नाही.

ही चूक मला कशी कळली ते सांगतो. गॅरेजमधून गाडी घेऊन आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात घाट उतरताना, वेग ताशी पन्नासच्या आसपास असताना, डावे चाक एका लहानशा खड्ड्यातून गेले आणि स्टिअरिंग व्हील दोन्ही हातांतून सुटेल इतक्या जोरात डावी-उजवीकडे हिसकू लागले. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबले नाही. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. मलाही तेव्हा डॅम्पर बसवण्याचाच सल्ला मिळाला आणि मी तो बसवला. तीन आठवडे गाडी शांत राहिली, नंतर तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. डॅम्पर हिसका दाबून ठेवतो; हिसक्याचे कारण मात्र खाली तसेच झिजत राहते. माझ्या गाडीत दोन्ही चाके स्टिअरिंगसाठी जोडणाऱ्या टाय रॉडचा एक एंड ढिला होता आणि कॅस्टर जेमतेम एक अंश उरला होता.

कॅस्टर म्हणजे काय, हे समजायला सायकल पुरेशी आहे. सायकलचा पुढचा फोर्क वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहते. जीपच्या किंगपिनलाही (चाक ज्यावर वळते त्या खिळीलाही) तसाच मागे कल लागतो. अशा उंच केलेल्या गाडीला साधारण चार ते सहा अंश कल असला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होते. आता लांब शॅकलचा हिशोब पाहावा. आमच्यासारख्या गाडीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते. ते दोन इंचांनी लांब केले, तर एक्सल पाट्याच्या मध्यावर असल्यामुळे गाडी एकच इंच उचलली जाते. पण चाळीस इंचांच्या पाट्याचे एक टोक दोन इंच खाली गेल्याने सगळा एक्सल जवळजवळ तीन अंश पुढे झुकतो. म्हणजे एक इंच उंची मिळवून तीन अंश कॅस्टर गमावला. गाडी मुळात चार अंशांवर असेल, तर मागे एकच उरतो, आणि माझ्या गाडीत नेमके तेच झाले होते. म्हणूनच ‘कमी खर्चात उंची’ हे शब्द छापलेले पाहून मी अस्वस्थ झालो.

यावर उपाय म्हणून पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवतात. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळते, पण ती दाबाखाली तडकते, म्हणून घेऊ नये. पाचरीनेही सगळेच सुटत नाही, कारण एक्सल मागे कलवला की त्याच एक्सलवरच्या पिनियनचे (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या दातेरी चाकाचे) तोंड खाली जाते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो. कॅस्टर आणि पिनियनचा कोन एकाच नळीला वेल्ड केलेले असल्यामुळे एक सुधारला की दुसरा बिघडतो. दोन्ही हवे असतील तर नळीच्या टोकांवरचे नकल (चाक धरणारे सांधे) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात, आणि ते जिग (भाग अचूक कोनात धरणारा साचा) असलेल्या, हात बसलेल्या कारागिराचेच काम आहे. ज्यांच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक एक्सलशी जोडणारे किंवा सोडवणारे) आहेत, त्यांनी कॅस्टरला आधी न्याय द्यावा, असे माझे मत आहे. कारण रस्त्यावर हब मोकळे असताना पुढचा शाफ्ट फिरतच नाही आणि जंगलातल्या हळू वेगात थोडी थरथर सोसता येते.

पाटे किती कडक हवेत, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा अंदाजाने सोडवला जातो. मी जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो, विंच, बंपर, भरलेली टाकी आणि नेहमीचे सामान यांसह गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, आणि काटेवाल्याने हसतहसत पावती फाडून दिली. पुढच्या एक्सलवर ९५० किलो भरले. त्यातून एक्सल, चाके आणि ब्रेक यांचे सुमारे २५० किलो वजा केले की उरलेल्या ७०० किलोंचा भार दोन पाट्यांवर येतो, म्हणजे एकेका पाट्यावर ३५०. पाटा मिलिमीटरला साडेतीन किलो या कडकपणाचा असेल, तर त्या भाराखाली तो शंभर मिलिमीटर बसणार. एवढा हिशोब हातात असला की पाटेवाल्याकडे जाऊन ‘जरा कडक करा’ असे म्हणावे लागत नाही. कमान किती ठेवायची हे आकड्यात सांगता येते. मला दिलेल्या संचात दोन पट्ट्या जास्त होत्या. त्या काढल्यावर गाडी दीड इंच खाली आली आणि चाक खडकाचा आकार घेऊ लागले.

त्यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. पाट्यातली मुख्य पट्टी तेवढी ठेवून बाकीच्या पट्ट्या आणि दोन्ही शॉकअप काढले, चेसिस स्टँडवर घेतली आणि एक्सल जॅकने एकदा दोन्ही बाजूंनी, मग एकेका बाजूने वर-खाली केला. एक बाजू पूर्ण वर गेली तेव्हा डिफरन्शियलचे हाउसिंग आणि इंजिनाचा ऑइल संप यांच्यामध्ये माझे करंगळीचे टोक जेमतेम शिरले. म्हणजे पूर्वी प्रत्येक मोठ्या उडीत ते एकमेकांवर आपटत होते, आणि संपवरचा तो चमकणारा चट्टा दगडाचा आहे असे आम्ही समजत होतो. चाक पूर्ण खाली सोडून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले, तर ब्रेकचा होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला. हे पाहिल्यावरच बंप स्टॉपची (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याची) लांबी ठरवली, होज लांब घेतले, आणि वर चार इंच, खाली पाच इंच अशी चाकाची चाल पक्की केली. शॉकअप त्यानंतर घेतले. बंद आणि उघड्या अशा दोन्ही टोकांना त्यांच्यात इंचभर चाल शिल्लक राहील अशा लांबीचे ते हवेत. चाकाला अडवण्याचे काम शॉकअपवर पडले तर त्याची बैठक तरी तुटते किंवा दांडा तरी वाकतो.

स्टिअरिंगबद्दल थोडक्यात लिहितो. स्वतंत्र सस्पेन्शनबरोबर असणारा स्टिअरिंग रॅक इथे निघतो आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो. गाडी उंच झाल्यावर बॉक्सपासून नकलपर्यंतची ड्रॅग लिंक तिरपी होते, आणि ती जितकी तिरपी तितके प्रत्येक खड्ड्यात चाक आपल्या मनाने वळते. नकलच्या वरच्या बाजूला आर्म घेऊन ती शक्य तितकी आडवी करावी. ज्यांनी पाट्यांऐवजी जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंग घेतल्या आहेत, त्यांनी एक्सल आडवा धरून ठेवणारा रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर ठेवावेत. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. पाटे काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून अलाइनमेंटही तेव्हा पुन्हा तपासावी.

लेखात कायद्याचा उल्लेख नाही, तोही यायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट केले आहे, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्या दिवशी घाटात मी ती गाडी आणायलाच नको होती, हे मी मान्य करतो. आता ती ट्रेलरवर चढवून खासगी जागेतल्या ट्रॅकपर्यंत नेतो आणि तिथेच उतरवतो.

आपली पुरवणी गावोगावच्या गॅरेजमध्ये वाचली जाते आणि तिच्यातली कात्रणे भिंतीवर चिकटवलेली मी पाहिली आहेत. म्हणून लांब शॅकल आणि स्टिअरिंग डॅम्पर यांविषयीच्या दोन विधानांची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती. माझ्या गाडीच्या सर्व मापांची वही आणि वजनकाट्याची पावती मी आपल्या कार्यालयात दाखवायला आणू शकेन.

आपला,
एक वाचक, भोर