फोन लागला नाही तर

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, राष्ट्रपतींशेजारी उभ्या असलेल्या, माझ्यासारख्याच हवाई दलातल्या वैमानिक शिवांगी सिंग यांचा फोटो पेपरात पाहून तू फोन केलास आणि बोलता बोलता एकदम गप्प झालीस. तेव्हापासून हे पत्र मनात आहे. एरवी तू 'जेवलीस का' विचारतेस, मी 'हो' म्हणते आणि मे महिन्यातल्या त्या दिवसांचा विषय तसाच राहतो.

७ ते १० मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. माझा फोन लागत नव्हता आणि तुमच्या विश्रांतवाडीतल्या ग्रुपवर 'भारताची महिला वैमानिक पाकिस्तानच्या ताब्यात' असा मेसेज फिरत होता. त्यात नाव शिवांगी यांचं होतं, तरी तू देवापुढून उठली नाहीस, असं दादाने नंतर सांगितलं. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ही बातमी खोटी असल्याचं जाहीर केलं, पण मेसेज आधी पोहोचला होता. २९ ऑक्टोबरला अंबाल्यात शिवांगी सगळ्या देशासमोर राष्ट्रपतींबरोबर उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे तुझा जीव भांड्यात पडला.

मला संताप येतो तो याचा की, अफवा रचणाऱ्याने विचार करून बाईच निवडली. पुरुष पकडला गेला तर लोक त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करतात. बाई पकडली गेली म्हटलं की नको ते मनात आणतात, आणि वर 'मुलींना पाठवावंच कशाला' हेही ऐकवतात. तुलाही कुणीतरी ऐकवलं असणार.

लिडिया लित्व्याकबद्दल तुला कधी सांगितलं नाही. मॉस्कोची मुलगी, दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत वैमानिक. मरीना रास्कोवा यांनी १९४१ मध्ये बायकांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या केल्या, त्यांतल्या लढाऊ विमानांच्या रेजिमेंटमध्ये ती गेली. १९४२च्या सप्टेंबरात तिने स्टालिनग्राडवर शत्रूची विमानं पाडली. आघाडीवरून आईला पत्रं लिहायची. १ ऑगस्ट १९४३ला तिचं याक-१ विमान परत आलं नाही, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. ती बेपत्ता, म्हणजे कदाचित शत्रूच्या हाती लागली असेल, एवढ्या संशयावर तिचा 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब अडला. तो १९९० मध्ये मिळाला. मला तिच्या मरणापेक्षा हा संशय जास्त लागतो.

'तू पकडली गेलीस तर?' हे तू विचारत नाहीस, पण मला ऐकू येतं. आपले वैमानिक नचिकेता १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी पकडले गेले आणि आठवड्याभरात परत आले. अभिनंदन २७ फेब्रुवारी २०१९ला पकडले गेले, १ मार्चला वाघ्याहून परतले. युद्धकैद्यांना, त्यातही बायकांना कसं वागवायचं हे जिनिव्हा करारात लिहिलेलं आहे. प्रत्येक वेळी तसंच होईल अशी हमी मी देणार नाही. भीती वाटते, आई. पण ती हवेत असताना नाही.

हवेत वेळच नसतो. जोरात वळलं की अंग सात-आठ पट जड होतं, रक्त पायांकडे धावतं. जी-सूट फुगून पोट आणि मांड्या आवळतो. आपणही पाय-पोट ताठ धरून, श्वास अडवून जोर लावायचा, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच समोरच्या पडद्यावर लक्ष, कानात कंट्रोलरचा आवाज. भीती वाटते ती जमिनीवर, तयारीत बसलेलं असताना. युद्धात उडण्यापेक्षा वाट बघणंच जास्त असतं. सूट अंगात, बूट पायात, चहा गार झालेला, आणि कुणी कुणाला घरचं विचारत नाही. त्या वेळी मला तुमची फार आठवण आली. मी कुठे होते आणि काय केलं, हे मात्र आजही लिहिता येणार नाही.

बाबा, नोकरी संपेपर्यंत तुम्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात, पण कामाबद्दल घरी चकार शब्द काढला नाहीत. माझं न बोलणं तुम्हाला कळतं. आईलाही समजावा.

आणि दोघांनी एवढं करा. फोन लागला नाही तर मी ड्युटीवर आहे असं समजा. माझं काही बरंवाईट झालं तर ते हवाई दलाचं माणूस तुम्हाला सांगेल, ग्रुप सांगणार नाही. अशा दिवसांत टीव्ही बंद ठेवा, रात्री दादाला तिथेच झोपायला बोलवा. आई, लोहगावहून सुखोई उडालं की तू गॅलरीत येऊन हात जोडतेस, ते जोडत जा. मला ते हवं आहे.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या रजेसाठी अडवून ठेवू नका. रजेचं काही खरं नसतं. डॉक्टरांकडून याच महिन्यातली तारीख घ्या आणि दादाला बरोबर न्या. थेंब वेळेवर घालायचं काम आईकडे.

तुमची,
ताई