सहाची की आठची? ताईंना उघडं आभारपत्र

आदरणीय ताई,

त्या दिवशी फोनवर तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. कॉलमचं काम थांबलं होतं, माणसं हातावर हात ठेवून बसली होती आणि मी घाईत होतो. म्हणून आज लिहायला बसलो. पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे समजावलंत ते साइटवर ड्रॉइंग पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

सळ्या बांधणाऱ्या फिटरने मोबाइल माझ्यापुढे धरून विचारलं होतं, "साहेब, ही रिंग सहाची की आठची?" कॉलमच्या सळ्यांभोवतीची रिंग सहा मिलिमीटर जाडीची की आठ, हे मलाही सांगता येईना. ए-वन शीटची पीडीएफ फोनवर पटकन उघडावी म्हणून मीच तिची ७२ डीपीआयची, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांची (पिक्सेलची), जेपीईजी चित्र-फाइल केली होती. तुम्हाला फोन लावला तेव्हा वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही मात्र शांतपणे एवढंच म्हणालात, "शीटवर आकडा अडीच मिलिमीटर उंच आहे. ७२ डीपीआयला तो किती पिक्सेलचा होतो, काढ बरं."

सात. जेमतेम सात ठिपक्यांच्या उंचीत सहा आणि आठ वेगळे दिसणार कसे? त्यात जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करून फाइल लहान करते. फोटोत ते खपून जातं. आभाळाची छटा जराशी बदलली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्यावरच्या काळ्या रेघेला मात्र ते सोसत नाही, कडेने करडी धूळ उठते. आमचा तो आकडा उंचीने अशा एका चौकोनाएवढाही नव्हता.

मग तुम्ही मला मूळ पीडीएफ उघडून ६४०० टक्के झूम करायला लावलंत. रेघ जाड झाली, पण तिची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. तसंच जेपीईजीत केलं तर नुसत्या पायऱ्या. एकीत रेघ आहे आणि दुसरीत रेघेचा फोटो, हे मला कॉलेजात ठाऊक होतं, पण कळलं त्या दुपारी. पीडीएफ तशीच्या तशी पाठवली, फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून. फिटरने दोन बोटांनी मोठी करून स्वतःच वाचली: आठची रिंग, दीडशेवर, म्हणजे दर दीडशे मिलिमीटरला एक.

चित्रच हवं असेल तेव्हा काय करायचं, हेही तुम्ही सांगितलंत, आणि मी ते वहीत लिहून ठेवलंय. ०.१८ मिमीच्या रेघेला ७२ डीपीआयला अर्धा पिक्सेल मिळतो, म्हणजे ती फिकट होऊन जाते. ३०० डीपीआयला दोन मिळतात. ए-वन शीट तेव्हा ९,९३३ बाय ७,०१६ पिक्सेलची होते. आकडा ऐकून मी दचकलो होतो. पण निव्वळ काळ्या-पांढऱ्या ड्रॉइंगची ग्रुप-४ टीफ (फक्त काळ्या-पांढऱ्यासाठीची चित्र-फाइल) केली की, बहुतेक कागद कोराच असल्यामुळे, फाइल आटोपशीर राहते आणि एक ठिपकाही हरवत नाही. रंगीत खुणा असतील तर पीएनजी.

सगळ्यात जास्त ऋण मात्र पायाच्या त्या जुन्या शीटचं आहे. मी ती थेट काळी-पांढरी स्कॅन करून नव्या ड्रॉइंगखाली जोडली होती. तुम्ही कागद आणि स्कॅन शेजारी ठेवायला सांगितलंत, तेव्हा दिसलं की पेन्सिलच्या सगळ्या टिपा पुसल्या गेल्यात. फिकट करडं काही दिसलं की स्कॅनरने ते पांढऱ्यात ढकललं होतं. काम चालू असताना कुणीतरी फूटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, बदललेली खोली पेन्सिलने लिहून ठेवली होती, आणि मी ती नकळत मिटवत होतो! पुन्हा ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसकट, ४०० डीपीआयला स्कॅन केलं आणि तीच फाइल मूळ प्रत म्हणून जपायची ठरवली. डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग-फाइलीत) जोडलेल्या चित्राचा फक्त पत्ता असतो, चित्र वेगळं पाठवलं नाही तर समोरच्याला रिकामी चौकट दिसते, हेही तेव्हाच समजलं. पीडीएफ काढताना रेघांची आणि चित्रांची गुणवत्ता वेगवेगळी ठरवायची असते, याकडे तोवर माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तुमच्या स्वतःच्या टेबलावर कामाचा ढीग असताना तुम्ही माझ्यासाठी दोन तास दिलेत. मला तयार फाइल पाठवून दहा मिनिटांत मोकळं होता आलं असतं तुम्हाला.

पायाच्या शीटची ग्रेस्केल टीफ आणि नवी पीडीएफ सोबत पाठवतोय. डावीकडे खालच्या कोपऱ्यातली पेन्सिलची टीप एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. दुसरा आकडा मला एक वाटतो, पण हाताचं अक्षर आहे, सातही असू शकेल. तुम्ही पाहिल्याशिवाय मी तो नव्या ड्रॉइंगवर चढवणार नाही.

तुमचा,
साइटवरचा धाकटा इंजिनिअर