बोलणं थांबवू नकोस

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "सिनेमांचं, पुस्तकांचं मी आता कुणापुढे काढतच नाही. सगळे हसतात." तुझा आवाज पडला होता. तेव्हा तू घाईत होतीस, म्हणून हे पत्र.

'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधली सांगाड्यांची मारामारी आठवते ना? सात सांगाडे, समोर तीन माणसं. आपण दोघींनी ती थांबवत थांबवत, एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली होती. 1963 सालचा तो सिनेमा. त्याचे अ‍ॅनिमेटर रे हॅरीहाउसन त्या सांगाड्यांच्या बाहुल्या हाताने किंचित हलवायचे, एक फ्रेम टिपायचे, पुन्हा हलवायचे. दिवसभर राबून पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद हाती लागायचा. तेवढ्या प्रसंगाला साडेचार महिने गेले.

पण मला त्यांच्या लहानपणची गोष्ट त्याहून आवडते. 1933 साली, बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी 'किंग काँग' पाहिला आणि हे केलं कसं, या प्रश्नाने त्यांना झपाटलं. काही वर्षांनी तो सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा थिएटरात मांडलेले त्याचे फोटो बघून त्यांना राहवेना. कुणाचे आहेत म्हणून त्यांनी विचारलं. ते निघाले फॉरेस्ट अ‍ॅकरमन या तितक्याच वेड्या चाहत्याचे. त्या ओळखीतून ते विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या मंडळात पोचले आणि तिथे त्यांना पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेले रे ब्रॅडबरी भेटले. दोघंही डायनासोरवेडे, दोघंही 1920 साली जन्मलेले. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे हॅरीहाउसननी धीर करून 'काँग'ला पडद्यावर हलतं करणारे अ‍ॅनिमेटर विलिस ओब्रायन यांना आपण बनवलेले डायनासोर नेऊन दाखवले. ओब्रायन म्हणाले, पाय सॉसेजसारखे दिसताहेत, शरीररचना शीक. पोरगा खरंच शिकला, आणि 1949 च्या 'मायटी जो यंग'मध्ये त्याच ओब्रायन यांच्या हाताखाली त्याने काम केलं.

या सगळ्याची सुरुवात "हे फोटो कुणाचे?" एवढ्या विचारण्यात आहे. तुलाही तुझा अ‍ॅकरमन भेटायचाय गं, आणि गप्प बसलीस तर तो शेजारच्या बाकावर असूनही तुला कळणार नाही.

सांगण्याची तुझी हातोटी मला ठाऊक आहे. काँगच्या अंगावरचे केस सारखे का थरथरतात, हे तू मावशीला सांगितलं होतंस: बाहुलीला सशाची कातडी लावलेली होती आणि दर फ्रेमला अ‍ॅनिमेटरची बोटं तिला लागायची. एरवी असल्या सिनेमांकडे न फिरकणारी मावशी ते केस बघायला म्हणून बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. तेव्हा तू टाइमलाइन सांगितली नव्हतीस, कुठला भाग कॅनन, म्हणजे मूळ कथेचा अधिकृत भाग, आणि कुठला नाही हेही नाही. एकच गोष्ट दाखवलीस. नव्या माणसाशी तसंच बोल. बाकीचं तो स्वतःच विचारेल.

आणि कुणी नवखं काही चुकीचं बोललं तर "एवढंही माहीत नाही?" असं कधी म्हणू नकोस. चाहत्यांमधली ही परीक्षा घ्यायची खोड मला मनापासून नावडते. ज्याने अजून काहीच पाहिलेलं नाही, त्याचा तर हेवा वाटायला हवा. त्याला सगळं पहिल्यांदा बघायचंय.

बरं, तू सुचवलेल्या अ‍ॅनिमेचा, त्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, पहिला सीझन मी संपवला. त्या मुखवटेवाल्याबद्दल माझी एक थिअरी आहे, पण तू हो-नाही काहीच करायचं नाहीस, स्पॉयलर नको. फक्त एवढंच कळव: आता सिनेमा आधी बघू की दुसरा सीझन? आणि मूळ मांगा, म्हणजे ती जपानी चित्रकथा, वाचायला घेतली तर मजा जाईल का? रविवारी फोन कर, भरपूर वेळ काढून.

तुझी,
आई