बाईंची स्मरणिका : माजी विद्यार्थी आणि सहकाऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

पहिल्या स्मृतिदिनाला आपल्या शाळेतल्या बाईंची स्मरणिका काढायची, हे शोकसभेतच ठरले होते. काम सुरू झाले आहे आणि ते ज्यांच्यामुळे झाले, त्यांचा उल्लेख आधी केला पाहिजे. बाईंच्या नातवंडांनी आजीची ट्रंक जशीच्या तशी माजी विद्यार्थी मंडळाच्या हवाली केली, एक चिठ्ठीही मागे ठेवली नाही. वाचनालयाने आतली खोली वापरायला दिली. शाळेचे जुने हजेरीपट सांधून स्कॅन करण्याचे काम मंडळाने तडीस नेले, तेव्हा ज्यांनी स्कॅनर घेऊन दिला त्याच गृहस्थांनी या वेळी न मागता लोखंडी कपाट पाठवले. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. पण मंडळ त्यांचे ऋणी आहे, एवढे तरी छापणारच.

ट्रंकेत टाचणवह्या (शिकवण्याच्या पाठांची टिपणे) आहेत, शेरे मारलेले निबंध आहेत आणि नातीसाठी पाठकोऱ्या कॅलेंडरांवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेल्या गोष्टी आहेत. एका गोष्टीत स्वतःचेच ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तिथेही बाईंनी लाल शाईने खूण केली आहे. ही कॅलेंडरे गुळगुळीत कागदाची असल्याने ओल लागून पाने एकमेकांना चिकटली आहेत. ओढली तर कागदाचा वरचा थर अक्षरांसकट निघून येतो. त्यामुळे ती जाणकाराकडेच द्यावी लागतील, आणि सर्वांत मोठा खर्च तोच आहे. टाचणवह्यांच्या गंजलेल्या पिना आपले स्वयंसेवक काढत आहेत. आधी मागचे पाय सरळ करायचे, मग पिन अलगद उचलायची. घाई केली की गंजाभोवतीचा ठिसूळ कागद फाटतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही, तिचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात मुरतो. पाने ठेवायला आम्लविरहित कागद आणि पेट्या हव्या आहेत.

आता आपल्याकडून काय हवे ते. घरी बाईंचे फोटो असतील तर कृपा करून लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाही. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो उचकटू नका, अल्बमच आणून द्या. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, दाब न देता. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. स्वतः स्कॅन करणार असाल तर 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) करा, म्हणजे छोटा फोटो दुप्पट मोठा छापला तरी 300 डीपीआय उरतात. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी फोटो आकसतो. बाईंच्या निरोप समारंभाची कॅसेट कोणाकडे तरी आहे, असे ऐकतो. ती वाजवून पाहू नका. वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही, आणि आमच्याकडे द्या.

आणि आठवणी लिहा. शोकसभेला सभागृह अपुरे पडले होते. त्यानंतरच्या आवाहनाला मात्र आलेले लेख हाताच्या बोटांवर मोजता येतील, हे आम्हाला लागले. त्यातही बहुतेकांत 'बाई थोर होत्या' एवढेच. भागाकार कसा शिकवला, वहीच्या समासात काय लिहिले, मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यापाशी कसे आणले, हे तुमच्याखेरीज कोण सांगणार? लिहिणे होत नसेल तर पंखा बंद करून, मोबाइल एरोप्लेन मोडवर टाकून बोला. उतरवून घेण्याचे काम आमचे.

लेख एक पान, टाइप केला तर युनिकोडमध्येच (जुन्या फॉन्टची जोडाक्षरे छापखान्यात फुटतात), हस्तलिखितही चालेल. फर्मा (छापून दुमडायचा मोठा कागद) 16 पानांचा असतो, उशिरा आलेल्या एका पानासाठी नवा फर्मा घेणे परवडत नाही, म्हणून या महिनाअखेरीपर्यंतच. मूळ वस्तूंची पोच लगेच मिळेल, स्कॅन होताच वस्तू परत. देणगी धनादेशाने किंवा रोख, कितीही. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. वाचनालय, आतली खोली, संध्याकाळी.

आपला,
चिटणीस, माजी विद्यार्थी मंडळ