मनूला, रविवारच्या फोननंतर

मनू,

रविवारी मी फोनवर जरा जास्तच बोललो. आई म्हणते जरा नाही, चांगलंच. तू हौसेने फोटो पाठवलास, मी चहा पिता पिता उघडला, तर वाटेच्या मधोमध हत्तीची लीद, अजून वाफ निघतेय, आणि खाली तुझं "बाबा बघ किती फ्रेश!!" आता यावर बापाने काय पाठवायचं, अंगठा? मग फोन केला आणि पुढचं सगळं झालं. असो. हत्तीचा विषय आता काढणार नाहीये, त्यासाठी लिहायला बसलोच नाहीये.

सांगायचं हे की थिरथिरा आला. काल सकाळी वेताळ टेकडीवर, खाणीच्या बाजूला त्याच त्या दगडावर (दगड तोच, पक्षी तोच का देव जाणे) शेपूट थरथरवत बसलेला. धोबी पक्षी तर १४ सप्टेंबरलाच दिसला, डायरीत लिहिलंय. गवत अजून पूर्ण पिवळं पडलं नाही पण सकाळी सहाला हवेचा वास बदललाय, पावसाळ्यातला तो ओला कुबट वास गेला. पावशा गप्प झालाय, चातकही दिसत नाहीत. आणि गंमत बघ, हे धोबी, थिरथिरे हिमालयात पिल्लं काढून तुझ्याच बाजूने येतात. तू जूनमध्ये इथून तिकडे गेलीस, ते आता तिकडून इकडे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, त्यांना विचारा मनू नीट जेवते का.

जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात तू डेहराडूनजवळच्या थानोहून रेकॉर्डिंग पाठवलं होतंस, सालाच्या रानात नवरंगाची ती दोन सुरांची शिट्टी, तीही एक नाही, तीन-चार ठिकाणांहून. मी ते ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं, अकाउंट्सवाल्यांनासुद्धा, ज्यांना कावळा आणि कबुतर सोडून तिसरा पक्षी माहीत नाही. आपल्या पार्किंगमध्ये काचेवर आपटून पडला होता तो नवरंग आठवतो? मे महिना, तू सातवीत. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आत ठेवला आणि तू दर पाच मिनिटांनी झाकण उचलायचीस, मी ओरडायचो की अगं अंधारात राहू दे त्याला. संध्याकाळी शेवग्याखाली सोडला, जरा वेळ बसला आणि गेला. रात्रीचाच प्रवास करतात ते, दक्षिणेतून निघून पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत. तू विचारलंस, एकटा जाईल का रे तो? मी म्हणालो हो, जातात.

झालं, आलोच परत तिथे.

एकटी जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच, पण निदान आशारोडीच्या जंगलात शिरायच्या आधी नीट उजाडू दे. कानात ती इअरफोनची बोंडं नकोत. हत्तीला दिसतं कमी पण वास आणि आवाज फार पक्के, वारा तुझ्याकडून त्याच्याकडे जात असेल तर तुला काही कळायच्या आत त्याला तू कळलेली असतेस, आणि उलटा असेल तर त्याहून वाईट, दोघंही बेसावध. ताजी लीद दिसली की फोटोबिटो नाही, मागे फिरायचं. तिथल्या वन गुज्जरांना, त्या जंगलात म्हशी राखणाऱ्यांना, विचारून जात जा, रात्री कळप कुठे होता ते त्यांना ठाऊक असतं. आणि ऑफिसातली ती मुलगी येते म्हणाली होती ना, तिला घे, झोपाळू असली तरी चालेल. बघ, सुरू झालं लेक्चर. सॉरी. पण आता लिहिलंय तर राहू दे.

खरं तर मला बोलायला तोंडच नाही. नऊ वर्षांच्या पोरीला साडेपाचच्या अंधारात टेकडीवर नेणारा मीच. अप्पांची दुर्बीण तुझ्या गळ्यात, पार पोटाच्या खाली लोंबायची. आणि तो खाणीचा दिवस. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबली होती, मी तिच्याकडे बघत राहिलो, दोन मिनिटं असतील, आणि वळलो तर तू नाहीस. वीस मिनिटं. मी हाका मारतोय आणि माझ्या हाकांना मोर ओरडतायत, त्या कल्लोळात तुझा आवाज कुठून यायला. सापडलीस तर खाणीच्या अगदी काठावर, पालथी पडून खालचं खंड्याचं बीळ बघत, आणि वर मलाच म्हणतेस शूऽऽ. मी ओरडलो नाही. शेजारी पालथा पडलो, कारण उभं राहवत नव्हतं. तुला वाटलं बाबालाही बीळ बघायचंय. आईला हे अजून माहीत नाही, तूही बोलू नकोस.

५ नोव्हेंबरपासून पक्षी सप्ताह आहे, इथल्या एका शाळेने बोलायला बोलावलंय. नवरंगाचं तुझं रेकॉर्डिंग लावणार आहे, मुलीने केलंय म्हणून सांगणार. हत्तीचा फोटो नाही दाखवणार.

मघाशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय टाइप करताय एवढं? म्हटलं मनूला एकटी जाऊ नको सांगतोय. तर म्हणाली, गुडघा दुखत असताना फोन घरी चार्जिंगला लावून टेकडीवर एकटे कोण जातं? तो विषय वेगळा आहे.

फराळाचं पार्सल उद्या टाकतोय. चकल्या मोडल्या तर कुरियरवाल्याला बोल, मी नीट भरल्यात. चिवड्याच्या डब्यात तळाशी लाल शिट्टी आहे, खाणीच्या दिवसानंतर तुझ्या गळ्यात बांधली होती तीच, आठवड्याच्या आत काढून फेकली होतीस. अजून वाजते. वाजवून बघितली तर खालचा कुत्रा दहा मिनिटं भुंकत होता.

बाबा