गाडी घ्यायच्या आधी दाराचं स्टिकर वाच

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल व्हिडिओ कॉलवर तू आणि जावईबापू कॅम्पिंगचा ट्रेलर आणि तो ओढायला गाडी घ्यायचं सांगताना इतक्या उत्साहात होतात की मी मध्ये तोंड घातलं नाही, आता जेवणं उरकून टाईप करायला बसलोय. आई म्हणते व्हॉइस मेसेज टाका, पण त्यात आकडे परत शोधत बसावे लागतात.

ट्रेलर छान आहे, घ्या. माझं म्हणणं गाडीबद्दल आहे. सेल्समन म्हणतो २०२२ ची टोयोटा हायलँडर ५,००० पौंड ओढते आणि ट्रेलर रिकामा ३,५०० चा, मग झालं की. ५,००० हा आकडा खरा आहे, पेट्रोलवाल्या मॉडेलचा, हायब्रिडचा ३,५०० च आहे त्यामुळे ती यादीतून काढूनच टाका. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोण फिरतं गं? गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं, टाकीतलं पाणी, एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडाच्या वर, तीस गॅलन भरलं की अडीचशे पौंड तिथेच. ट्रेलरच्या प्लेटवर जीव्हीडब्ल्यूआर असतं, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा, तू पाठवलेल्या फोटोत ४,५०० दिसतंय, हिशोब त्याच्यावर करायचा.

आणि ओढण्याचा आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवरून सरळ गाडीवर बसतो, तिकडे त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन पेलू शकते त्यातून, वजा होतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडाच्या वर नको असं लिहिलेलं. तुम्ही बघताय त्या हायलँडरचं १,३१० आहे. आता बघ, तुम्ही दोघं ३२०, पोरं ११०, शेरू कुत्रा ६०, टंग वेट १२ टक्क्यांनी ५४०, कूलर-बॅगा १५०, टपावरचे दोन कयाक १००. झाले १,२८०. राहिले तीस, आणि अजून हुकचं लोखंड धरलेलंच नाही.

जास्त भार पडला तर काय होतं ते तू आपल्याकडे गळीत हंगामात बघितलंयस, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं उचलतात आणि ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत बसतो पण ट्रॅक्टर काही वळत नाही. कारची चाकं तशी हवेत जाणार नाहीत, पण पुढची पकड कमी होते, ब्रेक लांब लागतो, रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. जावईबापू म्हणतील मग सामान ट्रेलरच्या मागे सरकवू, हुकवरचा भार कमी होईल. अजिबात नको! मागे जड झालेला ट्रेलर वाऱ्याने नाहीतर शेजारून मोठा ट्रक गेला की झोले खायला लागतो. तसं झालंच तर स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. त्यासाठी ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ड्रायव्हरजवळून ट्रेलरचे ब्रेक चालवायची पेटी, लागते, ती बसवलीय का हे आधी विचारा.

दुसरं म्हणजे तुम्ही राहता डेन्व्हरला. आय-७० हायवेने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत गेलात की ११,००० फुटांच्या वर, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद घालवतं, म्हणजे तिथे तिसरा हिस्सा गायब. २०२२ ची व्ही-६ आहे, टर्बो नाही. चढाला ती रडत का होईना जाईल, मला काळजी उताराची आहे. तिकडे उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी वेगळे रॅम्प काढून ठेवलेत ते उगीच नाही. खंबाटकीत आमचे जुने ड्रायव्हर म्हणायचे ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, तिकडे ऑटोमॅटिक असली तरी हाताने खालचा गिअर टाकता येतो, तो टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

माझं मत विचारशील तर सेकंडहँड फोर्ड एफ-१५० पिकअप घ्या, टर्बो इंजिनवाली, चार दारांची. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असल्यामुळे ट्रेलर सरळ राहतो. मात्र तिथेही स्टिकर बघूनच, कारण सनरूफ, मोठे रिम, फुल ऑप्शन जितकं जास्त तितकं पेलोड कमी, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत कितीतरी फरक निघतो. इलेक्ट्रिक पिकअपचं जावईबापूंचं खूळ मला कळतं, ताकद भरपूर असते, पण असा चौकोनी ट्रेलर लावला की रेंज जवळपास निम्म्यावर येते आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनवर ट्रेलर सोडून ठेवावा लागतो, पोरं रडतायत आणि तुम्ही हुक काढताय.

पिकअप बजेटमध्ये बसत नसेल तर हायलँडरच घ्या आणि ट्रेलर लहान घ्या, घडीचा पॉप-अप मिळतो, वजनाला निम्मा आणि वाराही कमी अडवतो. आई म्हणते तंबूच बरा होता, तिचं सोड.

शनिवारी बघायला जाल तेव्हा प्रत्येक गाडीच्या स्टिकरचा फोटो पाठव, टायरवरची तारीखही, आणि शेरूला सोबत न्या, मागच्या सीटवर दोन कार सीटच्या मध्ये तो मावतो का ते तिथेच कळेल.

तुझे
बाबा